खिडकी बंद ठेवावी ही विनंती

गुरुवार, २ जानेवारी

क्षमा असावी. या वहीत लिहिण्याचा अधिकार मला अजून आलेला नाही, हे मी जाणते. निबंधस्पर्धेत पहिली आले तेव्हा बक्षीस म्हणून मिळालेली ही वही. जाड पुठ्ठा, पिवळसर कागद, मधोमध रेशमी खूणफीत. पाच वर्षे कपाटात जपली. तिच्या योग्यतेचा एखादा विचार सुचला की लिहू, असे ठरवले होते. तो सुचला नाही. त्याऐवजी क्षय झाला.

म्हणून पानाची माफी मागूनच सुरुवात करते. बोलायला कोणी नाही. म्हणजे माणसे आहेत, मला बोलता येत नाही. निबंध तेवढा येतो. आणि निबंधाला निदान पाच मुद्दे असत. येथे एकच आहे.

परवा डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरट डाग. मराठी माध्यमातून पहिली आलेल्या मुलीच्या छातीतही काहीतरी अस्पष्ट असू शकते तर! “सहा महिने गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही. पूर्ण बरी होशील,” त्या म्हणाल्या. मी एकच प्रश्न विचारला — “वाचलेले चालेल का?”

त्या हसल्या. “वाच की. पण काही आठवडे घरातच.”

तीन महिने खोकत होते. पुस्तकांची धूळ, असे मी म्हणत होते. आई म्हणत होती, वाचून वाचून बारीक झालीस. चार किलो कमी झाले आणि घरात सर्वांनी दोष पुस्तकांना दिला. बिचारी पुस्तके!

शुक्रवार, ३ जानेवारी

गोळ्या सुरू. सकाळी, रिकाम्या पोटी, सगळ्या एकदम. त्यांतील एक इतकी मोठी की गिळण्यापूर्वी तिच्याशी बोलणी करावी लागतात.

त्या गिळल्या जात आहेत की नाही, हे पाहण्याचे काम दवाखान्यातील आरोग्यसेविकेकडे. मी तिचे नाव गोळीताई ठेवले आहे (मनातल्या मनात). खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पन्नास-साठ रुग्णांची कार्डे, आणि हसणे असे की ती जिना चढायच्या आधी ते वर पोहोचते. मला ‘बाईसाहेब’ म्हणते.

नियम असा: रोज सकाळी आठच्या आत तिला चित्रफीत पाठवायची. तळहातावर गोळ्या दाखवायच्या. गिळायच्या. मग तोंड उघडायचे, जीभ बाहेर, जीभ वर — लपवली नाही ना, हे दिसायला हवे.

शाळेत दहा वर्षे माझ्या प्रगतिपुस्तकात एकच शेरा होता: ‘हुशार आहे, परंतु तोंड उघडत नाही.’ सर्व शिक्षकांचे इतके एकमत दुसऱ्या कशावर झाले नसेल. आणि आता रोज! कॅमेऱ्यासमोर!

फोन धरायचे काम धाकटीकडे. आठवीत आहे, पण आज सकाळपासून दिग्दर्शिका झाली आहे. “ताई, आ कर. अजून. अगं, दारात पाहुणे आल्यासारखं काय किलकिलं करतेस? पूर्ण उघड!”

गोळीताईचे उत्तर पाच मिनिटांत: “बाईसाहेब, हे तोंड आहे की पोस्टाची पेटी? परत पाठवा.”

परत पाठवली.

शनिवार, ४ जानेवारी

लघवी नारिंगी! गोळीताईने आधी सांगितले होते, तरी किंचाळले. धाकटी धावत आली आणि तिने बातमी घरभर पोहोचवली. बाबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर आणखी उंच धरले.

या औषधाने अश्रूही नारिंगी होतात म्हणे. न रडण्याला प्रथमच एक व्यावहारिक कारण मिळाले: माझे रुमाल पांढरे आहेत.

सोमवार, ६ जानेवारी

गोळीताई घरी आली. आईने माझे ताट-वाटी वेगळी काढून ठेवली आहे, हे तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकताच हेरले.

“हे कोणाचं?”

“तिचं,” आई खालच्या आवाजात म्हणाली.

“ताटाने काय होतंय, काकू? हा आजार हवेतून पसरतो. ताट सगळ्यांत घाला आणि ती खिडकी उघडा. ती पण. पडदे काढा. किती बंद बंद राहता तुम्ही लोक!” आणि तिने स्वतःच तिन्ही खिडक्या उघडल्या. आमच्या घरात एवढा उजेड मी प्रथमच पाहिला. जळमटेही प्रथमच पाहिली. आईने दोन्हींबद्दल क्षमा मागितली.

मग गोळीताईने कार्ड काढले. गेल्या तीन महिन्यांत मी कोणाबरोबर बंद खोलीत रोज बसत होते, त्यांची यादी. त्यांना तपासायचे. घरातील तिघे तिने लिहून घेतले.

“आणखी? कॉलेज?”

“तिथे मोठे वर्ग आहेत. मी शेवटच्या बाकावर, दाराजवळ.”

“मैत्रिणी? क्लास?”

“नाही.”

“कोणीच नाही?”

“कोणी नाही.”

तिने माझ्याकडे थोडे जास्त वेळ पाहिले. “एवढी एकटी असतेस, बाईसाहेब?” आणि कार्ड मिटले.

परीक्षेत मी कधी कॉपी केली नाही. आज केली.

मंगळवार, ७ जानेवारी

पानाशी तरी खरे बोलावे.

वाचनालयाच्या माडीवर एक अभ्यासिका आहे. नऊ खुर्च्या, एक लांब टेबल, एक खिडकी. कॉलेज सुटले की दुपारी एक ते रात्री आठ मी तिथे असते. म्हणजे, असायचे. कोणी स्पर्धापरीक्षेचे, कोणी हिशेबतपासनीस होणारे. खालच्या वाचनकक्षात जागा नसली की पेपरवाले आजोबाही वर येतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक बातमीवर एकदा घसा खाकरतात.

अभ्यासिकेत बोलायला बंदी आहे. म्हणूनच तर मला तिथे मैत्रीण मिळू शकली.

ती डावीकडच्या खुर्चीवर बसते. अग्निशमन दलात भरती व्हायचे आहे तिला. पहाटे धावते, दुपारी गणिते सोडवते. माझी पेन्सिल मागते आणि मागचे टोक चावून परत करते. मी तिला पेन्सिलचोर म्हणते, ती मला प्रोफेसर. आमचा सगळा संवाद चिठ्ठ्यांवर. ‘प्रोफेसर, हा समास कोणता?’ ‘तो समास नाही, तो शाईचा डाग आहे.’ पाच महिन्यांत आम्ही प्रत्यक्ष बोललेले शब्द शंभर भरणार नाहीत. चिठ्ठ्या मात्र बुटांच्या खोक्यात मावत नाहीत.

आणि खिडकी. तिच्याविषयी उद्या लिहीन.

बुधवार, ८ जानेवारी

नाही, आजही नको.

गुरुवार, ९ जानेवारी

अभ्यासिकेच्या ग्रुपवर विचारणा: प्रोफेसर कुठे गायब? आईने कारण आयते दिले — मावशीच्या पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, तिच्या मदतीला गेली आहे. मी ते शुद्ध भाषेत टाकले.

पेन्सिलचोराने स्वतंत्र संदेश पाठवला: “मावशीला पथ्य काय सांगितलंय? माझ्या आत्याचं झालं होतं. तळलेलं बिलकूल देऊ नकोस. मी तुला यादी पाठवते.” आणि दहा मिनिटांत खरोखर यादी! अनुक्रमांकासह!

खऱ्या मावशीला सावध करणे भाग होते. तिने फोनवर सगळे ऐकून घेतले. “काढलंच आहे तर पित्ताशय कशाला? पोट काढायचं होतं. निदान लोक म्हणाले असते, बारीक दिसतेस.”

सोमवार, १३ जानेवारी

गोळीताई: “आज केस विंचरलेले दिसतात. कोणासाठी?”

मी: “तुमच्यासाठीच.”

पाठवल्यावर घाबरले. मी कोणाची थट्टा केली! चक्क!

शनिवार, १८ जानेवारी

घरातील तिघांची तपासणी झाली. तिघांचे एक्स-रे स्वच्छ. आजार होऊ नये म्हणून त्यांनाही गोळ्या मिळाल्या. धाकटीला अभिमान वाटतो आहे. आता स्वतःच्या चित्रफितीही काढते, कोणी मागितल्या नसताना.

माझे वजन सातशे ग्रॅमने वाढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या अशाच नियमित चालल्या की आता लवकरच माझ्यापासून कोणाला धोका राहणार नाही.

आतापासून. आधीचे काय, हे मी विचारले नाही.

सोमवार, २७ जानेवारी

पेन्सिलचोराचा संदेश: “मावशी कशी आहे? माझा खोकला दोन आठवडे झाले जात नाही. तुझीच धूळ लागली वाटतं! ग्रंथपालकाकांना सांगितलं, पुस्तकं झाडा. ते म्हणाले, पुस्तकं झाडली तर इमारत पडेल.”

पुढे हसरा चेहरा.

मी उत्तर लिहिले: ‘डॉक्टरांना दाखव.’ पाठवले.

“खोकल्याला कसला डॉक्टर? औषधाच्या बाटलीने जाईल. बावीस मार्चला धावण्याची चाचणी आहे, मला आजारी पडायला वेळ नाही, प्रोफेसर.”

मंगळवार, २८ जानेवारी

खिडकी.

ऑगस्टमध्ये रस्त्याचे काम सुरू झाले. खडी, यंत्रे, हॉर्न. मला एक ओळ वाचता येईना. तोंडाने सांगणे शक्य नव्हते, म्हणून सूचनापेटीत चिठ्ठी टाकली:

‘सविनय निवेदन. रस्त्यावरील कोलाहलामुळे वाचनात व्यत्यय येतो. तरी अभ्यासिकेची खिडकी बंद ठेवावी, ही नम्र विनंती. — एक वाचनप्रेमी.’

ग्रंथपालकाकांना ती इतकी आवडली की त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावली. “‘कोलाहल’! अशी भाषा आता लिहितं कोण?” असे म्हणून तिच्यासमोर दोन मिनिटे उभे राहिले. मग खिडकीच्या कडीला तार गुंडाळून पक्की केली. अक्षर माझे आहे, हे कोणालाच कळले नाही. केवढा आनंद झाला होता मला! माझी पहिली प्रसिद्ध रचना.

ऑक्टोबरात रस्ता पूर्ण झाला. तार तशीच राहिली. ऑक्टोबरातच माझा खोकला सुरू झाला. नऊ खुर्च्या, एक टेबल, एक बंद खिडकी, रोज सात तास. आणि मी दर पाच मिनिटांनी, अगदी सभ्यपणे, रुमालात.

मला गणित फारसे येत नाही. पण हे येते.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज चित्रफितीत जीभ दाखवायला विसरले. गोळीताई: “जीभ कुठे गेली, बाईसाहेब? मांजराने नेली?”

जीभ आहे. तिचा उपयोग करत नाही, एवढेच.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सांगितले.

दवाखान्यात वजन करायला गेले होते. काट्यावर उभी असतानाच म्हणाले, “ताई, मी यादीत आठ माणसे लिहिली नाहीत.” काट्याचा आकडा हलला. बहुधा मीच हलले.

मला वाटले ओरडेल. तिने मला बाकावर बसवले, समोर स्टूल ओढून बसली आणि सगळे ऐकले. खिडकीपर्यंत सगळे. भिंतीवरची चिठ्ठी ऐकताना तिने ओठ घट्ट मिटून धरले होते. मग फुटलेच हसू.

“म्हणजे नम्र विनंती करून घोटाळा केलास! माझ्या वीस वर्षांत असा रोगी पाहिला नाही.”

मी रडू लागले. रुमाल खरोखर फिकट नारिंगी झाला. तिने तो हातात घेऊन पाहिला. “बघ, गोळी लागू पडतेय.” आणि मग हसणे थांबवून: “हे बघ. तुला कुठून लागलं, तुलाही माहीत नाही. त्या माणसाचा तुला राग आला?”

“नाही.”

“मग स्वतःचा कशाला? आजार लपून बसला होता, त्यात तुझा दोष नाही. पण मी यादी विचारून अठ्ठावीस दिवस झाले. ते तुझे.”

असे कोणी मला कधी बोलले नव्हते. बरोबर गुण देणारी परीक्षक.

पेन्सिलींबद्दल विचारले. “पेन्सिलीने काही होत नाही. चावू दे तिला. हवा, बाई, हवा!” उद्या-परवा ती स्वतः अभ्यासिकेत जाणार. माझे नाव घेणार नाही, तसा नियमच आहे. ‘येथील एकाला आजार आहे, सर्वांनी तपासून घ्या’ एवढेच सांगणार.

जिना उतरताना पाय हलके वाटत होते. माझे नाव येणार नाही आणि कामही होणार! सर्वोत्तम उत्तर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सर्वोत्तम नव्हते.

गोळीताई मंगळवारी अभ्यासिकेत गेली. तीन दिवसांत दवाखान्यात कोण आले? कोणी नाही. शून्य!

“सगळे एकमेकांकडे बघत बसले,” ती फोनवर सांगत होती. “ग्रंथपाल म्हणतात, आमच्याकडे सगळी चांगल्या घरची मुलं आहेत. मी म्हटलं, जंतू घर विचारत नाही, काका. खिडकी उघडा म्हटलं, तर भिंतीकडे बोट दाखवलं — वाचकांची लेखी मागणी आहे! वाचली मी. सुंदर आहे गं. पण उतरव ती लवकर.”

“डावीकडची मुलगी?”

“खोकणारी? ती तर माझ्या पुढ्यातून निघून गेली. धावायला जायचंय म्हणाली.”

शनिवार, ८ फेब्रुवारी

पेन्सिलचोराचा लांबलचक संदेश. जशाच्या तसा उतरवते:

“प्रोफेसर, तू नाहीस ते बरं आहे. इथे कोणालातरी टीबी आहे म्हणे! एक बाई येऊन सांगून गेली. कोण ते सांगेना. आता सगळ्यांना खात्री आहे की पेपरवाले आजोबाच. सारखे खाकरतात ना. त्यांची खुर्ची उचलून बाहेर जिन्याजवळ ठेवली. ते काही बोलले नाहीत, तिथेच बसून पेपर वाचतात. मला वाईट वाटलं पण मी पण काही बोलले नाही. तपासायला मी जाणार नाही. कोणी बघितलं आणि भरतीत कळलं तर? अजून तुझ्या मावशीकडेच राहा.”

आजोबा जिन्याजवळ. ज्यांनी आयुष्यात फक्त घसा साफ केला!

रविवार, ९ फेब्रुवारी

संदेशाचा मसुदा, पहिला: ‘आदरणीय वाचकमित्रहो, अत्यंत खेदपूर्वक कळविण्यात येते की...’ खोडला.

मसुदा दुसरा: ‘काही अपरिहार्य कारणास्तव...’ खोडला. अपरिहार्य काय होते त्यात?

मसुदा तिसरा धाकटीने खांद्यावरून वाचला. “ताई, हे कबूल करतेयस की कार्यक्रमाचं आमंत्रण देतेयस? ‘उपस्थिती प्रार्थनीय’ तेवढं राहिलंय.”

जेवताना विषय काढला. आईने हातातला घास खाली ठेवला. “तपासणी होऊ दे ना त्यांची. नाव तुझं कशाला यायला हवं? उद्या तू बरी होशील, पण लोकांच्या तोंडात राहील. ती बघा, तीच ती. मला ते ऐकायचं नाही गं.” आई चुकीचे बोलत नव्हती.

बाबा पाण्याचा पेला उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, “त्या मुलीलाही आई असेल.”

“असेल ना,” आई म्हणाली. मग तिने मला आणखी एक अंडे वाढले. हा होकार होता की नकार, कळले नाही. अंडे खाल्ले.

सोमवार, १० फेब्रुवारी

मसुदा चौथा. सातवा. नववा. व्याकरण निर्दोष. एकही पाठवण्यासारखा नाही.

माझी भाषा चांगली आहे, असे सगळे म्हणतात. ती लपायलाच शिकली आहे, हे कोणी कसे सांगितले नाही?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुपारी पेन्सिलचोराचा संदेश आला:

“आज धावताना निम्म्यातच थांबले. दम पुरेना. खोकून खोकून बसलेच खाली. थुंकीत लाल धागा आला गं! घाबरू नकोस, तुझी ती लाल पेन्सिल चावली होती ना, तिचाच रंग असणार. तू परत आलीस की भरून देते.”

हसरा चेहरा. दोन.

ती लाल पेन्सिल माझ्यासमोर टेबलावर आहे. डिसेंबरात तिने परत केलेली. टोकावर तिचे दात. तिच्याकडे माझी एकही पेन्सिल नाही, गेला दीड महिना नाही!

लगेच फोन लावला. तिला केलेला माझा पहिलाच फोन. तिने उचलला, “प्रोफेसर? तू? बोलतेस?” म्हणाली आणि हसू लागली, आणि हसण्यातून खोकला, आणि खोकला थांबेना. मी “आजच दवाखान्यात जा” एवढेच म्हणू शकले. “का? काय झालं?” मला पुढचा शब्द आला नाही. खरोखर आला नाही. तोंड उघडे होते आणि आतून काही नाही. ती म्हणाली, “बरं बरं, मावशीला विचारल्याचं सांग,” आणि ठेवला.

गोळीताईला कळवले. ती उद्या स्वतः तिच्या घरी जाणार. पण म्हणाली, “मी गेले तर तिला वाटणार, सरकारी बाई आली. तिला तिचं माणूस पाहिजे, बाईसाहेब. तिने ज्याचं ऐकावं असं.”

तिचे माणूस! शंभर शब्द बोललेले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गोळ्यांचा एकेचाळिसावा दिवस. आईने स्वतः फोन धरला. धाकटी म्हणत होती, प्रकाश या बाजूने घे. तळहात, गोळ्या, पाणी, आ, जीभ बाहेर, जीभ वर. सगळे दिसले — पोस्टाची पेटी नव्हे, पूर्ण दार.

मसुदे फाडले. चित्रफितीखाली एवढेच लिहिले: ‘टीबी मला आहे. मावशी ठणठणीत आहे. खिडकीची चिठ्ठी माझी होती, ती फाडा आणि तार कापा. आजोबांची खुर्ची आत आणा आणि त्यांची माफी मागा, माझ्यातर्फेही. आज नऊ वाजल्यापासून मी दवाखान्याच्या दारात उभी असेन, सगळ्यांनी या. पेन्सिलचोर, ती लाल पेन्सिल माझ्याकडेच आहे. तू पहिली ये.’

गोळीताईला नाही. तिलाही, पण आधी अभ्यासिकेच्या ग्रुपवर.

पाठवले — बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून एकेचाळीस मिनिटे.